आयर्लंडची लांब पल्ल्याची सोयरीक: परदेशस्थ आयरिश, खासदार आणि वाटीभर शॅमरॉक

आडगावकर

दरवर्षी १७ मार्चच्या आसपास आयर्लंडचं जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ देशाबाहेर असतं. पंतप्रधान वॉशिंग्टनला, बाकीचे लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो, सिडनी, जिथे आयरिश वस्ती आहे तिथे. निमित्त सेंट पॅट्रिक्स डेचं, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय सणाचं. "जनतेच्या पैशाने सहली" म्हणून डब्लिनच्या पेपरांत ओरड होते आणि तरीही पुढच्या वर्षी विमानं उडतातच.

मागे इथे "परदेशस्थ भारतीयांचा देशाला उपयोग काय" या धाग्यावर तुंबळ झालं होतं. तेव्हाच आयर्लंडबद्दल लिहायचं मनात होतं. २०२२च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या ५१ लाखांच्या आसपास भरली, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. लष्कर नावापुरतं, नाटोत नाही. तरी त्यांच्या पंतप्रधानाला अमेरिकेचा अध्यक्ष दरवर्षी ठरलेल्या दिवसांत भेटतो. ही सवलत भल्याभल्या देशांना नाही.

प्रथा सुरू कशी झाली तेही बघा. १९५२ साली जॉन हर्न या आयरिश राजदूताने अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमन याला शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेल्या तीन पानांच्या रोपाची, एक छोटी डबी पाठवली. ट्रुमन त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये नव्हताही. त्या डबीची पुढे काचेची नक्षीदार वाटी झाली, वाटीचा समारंभ झाला. (समारंभ संपला की सुरक्षावाले ती पानं नष्ट करतात. अध्यक्षांच्या घरात बाहेरचा पाला चालत नाही!)

पण वाटी ही दाखवायची गोष्ट. खरं काम संसदेच्या बाजूने झालं, आणि ते करणाऱ्यांत सगळ्यात मोठा माणूस जॉन ह्यूम, ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचा शाळामास्तर. १९७०च्या दशकात उत्तर आयर्लंड पेटलं होतं आणि अमेरिकेतले बरेच आयरिश भावनेच्या भरात आयआरएच्या, म्हणजे ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, बाजूने देणगीचे डबे फिरवत होते. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये 'नोरेड' नावाची संघटना निघाली. कैद्यांच्या बायकापोरांसाठी म्हणून बारमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये पैसे गोळा व्हायचे आणि त्यातून बंदुका जातात असा ब्रिटिश, आयरिश आणि अमेरिकन या तिन्ही सरकारांचा आरोप होता. खुद्द टेड केनेडी १९७१ मध्ये ब्रिटिश सैन्य हटवा म्हणत होता. ह्यूम त्याला १९७२ साली जर्मनीत, बॉनला भेटला आणि पुढची काही वर्षं चिवटपणे समजावत राहिला: प्रश्न ब्रिटिश सैन्य हटवून सुटणारा नाही, तिथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन समाज राहतात, दोघांना एकत्र नांदायचंय.

१७ मार्च १९७७ रोजी चौघांनी संयुक्त निवेदन काढलं: प्रतिनिधीगृहाचा सभापती टिप ओ'नील, सिनेटर केनेडी, सिनेटर मॉयनिहन आणि न्यूयॉर्कचा गव्हर्नर ह्यू केरी. हिंसेला बळ देणारं काही करू नका, असं चार नामांकित आयरिश-अमेरिकनांनी आपल्याच लोकांना बजावलं. या चौकडीला 'चार घोडेस्वार' म्हणायला लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्टरने उत्तर आयर्लंडवर निवेदन केलं. तोवर वॉशिंग्टनच्या लेखी तो ब्रिटनचा घरगुती मामला होता.

चौघांचं वजन किती होतं? १९८० साली आयरिश पंतप्रधान चार्ल्स हॉही याला वॉशिंग्टनमधला आपलाच राजदूत शॉन डॉनलन बदलायचा होता. नोरेडच्या वळणाच्या मंडळींना डॉनलन डोळ्यात सलत होता. ओ'नील, केनेडी यांनी नापसंती कळवली आणि हॉहीला निर्णय गिळावा लागला. परक्या संसदेतल्या माणसांनी तुमच्या राजदूताची बदली रोखावी, ही मैत्री की लुडबुड? मला आजही ठरवता येत नाही.

१९८१ साली यातून अमेरिकन काँग्रेसमध्ये 'फ्रेंड्स ऑफ आयर्लंड' हा गट निघाला, दोन्ही पक्षांचा. ओ'नील आणि रेगन एकमेकांच्या धोरणांवर तुटून पडायचे, पण आयर्लंडच्या बाबतीत दोघे एका पंगतीला बसायचे, अक्षरशः. १९८३ पासून सभापतीचं सेंट पॅट्रिक्स डेचं जेवण कॅपिटॉलमध्ये सुरू झालं. रेगनने आयर्लंडचा विषय थॅचरबाईंकडे काढला, त्यामागेही ओ'नीलचा रेटा होता. नोव्हेंबर १९८५ मध्ये अँग्लो-आयरिश करार झाला आणि १९८६ मध्ये इंटरनॅशनल फंड फॉर आयर्लंड उभा राहिला, त्यात अमेरिकेचा पैसा आला. १९९४ साली आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाच्या जेरी अ‍ॅडम्सला व्हिसा, मग सिनेटर मिचेलची मध्यस्थी आणि उत्तर आयर्लंडमधल्या शांततेचा १० एप्रिल १९९८चा गुड फ्रायडे करार, हे सगळं त्याच रुळावरून गेलं.

माझं म्हणणं एवढंच: आयर्लंडने आपल्या परदेशस्थांना नुसतं "पैसे पाठवा, गुंतवणूक करा" म्हटलं नाही. ते जिथे राहतात तिथल्या संसदेत माणसं धरली, आणि ती सरकारं बदलली तरी धरून ठेवली. चूभूद्याघ्या.

---

तिरकस

लेख चांगला, पण गुलाबी आहे. आयरिश गोरे, ख्रिश्चन, इंग्रजी बोलणारे. अमेरिकेत त्यांची सोयरीक जमणारच. आपल्याला हा धडा कसा लागू पडणार? उद्या एखादा भारतीय वंशाचा सभापती भारताच्या राजदूताच्या बदलीत पडला तर तिकडे "दुहेरी निष्ठा" म्हणून त्याची साल काढतील.

आणि नोरेडवर तुम्ही एक परिच्छेद लिहून पुढे सटकलात. परदेशात बसून मायदेशाची आग पेटती ठेवणारे हेसुद्धा 'डायस्पोरा नेटवर्क'च ना? लांब बसलेल्याला चटका लागत नाही. आपल्याकडेही याची उदाहरणं आहेत, नावं घेत नाही, नाहीतर धागा उडेल.

---

आडगावकर

@तिरकस, नोरेडबद्दल पूर्ण सहमत. ह्यूमची कामगिरी मी म्हणून मोठी मानतो की त्याने आपल्याच परदेशस्थांशी भांडण घेतलं. टाळ्या घेणं सोपं होतं.

गोरेपणाचा मुद्दा अर्धा मान्य. पण १८४५च्या दुष्काळानंतर जहाजांतून उतरलेल्या आयरिश कॅथलिकांना अमेरिकेत कोणी ओवाळत नव्हतं. बटाटा सडला, दहा लाख मेले, आणखी तेवढेच देश सोडून गेले. १८४१च्या जनगणनेत त्या बेटावर ८१ लाख माणसं होती. आज उत्तर आणि दक्षिण मिळूनही तो आकडा गाठलेला नाही. ही माणसं बॉस्टन-न्यूयॉर्कमध्ये वॉर्डाच्या राजकारणापासून वर चढली. आयर्लंडमध्ये जन्मलेला पहिला महापौर बॉस्टनने १८८४ साली निवडला. पहिला कॅथलिक राष्ट्राध्यक्ष १९६० साली. चौघांचं निवेदन १९७७ साली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त. आपली मोठी लाट १९६५च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यानंतरची आहे. घाई आपल्यालाच आहे.

---

नाना_न्यूजर्सी

इथे चाळीस वर्षं काढलेला माणूस म्हणून चार शब्द.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, म्हणजे फ्रेंड्स ऑफ आयर्लंडच्याच वयाचं. अमेरिकन काँग्रेसमध्ये इंडिया कॉकस, म्हणजे भारताच्या बाजूच्या सदस्यांचा गट, १९९३ पासून. २००८च्या अणुकराराच्या वेळी इथल्या भारतीयांनी आपापल्या प्रतिनिधींना फोन करकरून हैराण केलं होतं, त्यात मीही होतो. आणि मिशिगनमधून निवडून आलेले श्री ठाणेदार तर बेळगावचे, घरात मराठी.

पण फरक सांगतो. आमच्या इकडच्या एका मंडळाच्या गणपतीला स्थानिक काँग्रेसमन हमखास येतो. त्याला शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधणारा माणूस खास बोलावलेला असतो. काँग्रेसमन माइकवर "नमस्ते" म्हणतो, टाळ्या पडतात, फोटो होतो, मोदक हातात देऊन त्याला गाडीपर्यंत सोडतात. चाळीस मिनिटांत त्याच्याकडे कोणी एक गोष्ट मागत नाही! ग्रीन कार्डच्या रांगेत सभागृहातली अर्धी तरुण मंडळी अडकलेली असतात. त्यातला एक जण माइकवर बोलला असता तरी पुरे होतं. एकदा मी सुचवलं तर "नाना, मंडळात राजकारण नको."

आयरिश लोकांनी काय केलं ते ऐका. १९८०च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारीने कहर केला होता, पोरं टुरिस्ट व्हिसावर न्यूयॉर्कला यायची आणि बांधकामावर, बारमध्ये राहून जायची, कागदपत्रं नाहीत. १९८७ साली त्यांनी स्वतःच आयरिश इमिग्रेशन रिफॉर्म मूव्हमेंट काढली. आधी डॉनेली नावाच्या योजनेतले व्हिसा पदरात पडले, मग १९९०च्या कायद्यात कनेटिकटच्या ब्रूस मॉरिसनने तरतूद घातली: तीन वर्षांत ४८,००० व्हिसा एकट्या आयर्लंडसाठी राखीव. तेव्हा तो देश ३५ लाखांचा! आमच्या रांगेकडे बघितलं की पोटात कालवतं.

---

सायली२२

वाचतेय, मस्त धागा. एक बाळबोध प्रश्न: एवढं परदेशस्थांचं कौतुक आहे तर त्यांना आयर्लंडच्या निवडणुकीत मत देता येतं का?

---

वाचनमात्र

@नाना, त्या गोष्टीचा उत्तरार्धही सांगायला हवा. २०१८ साली ऑस्ट्रेलियनांसाठीच्या ई-३ या नोकरीच्या व्हिसामधले उरलेले आयरिशांना द्यायचं विधेयक प्रतिनिधीगृहात बिनबोभाट मंजूर झालं. सिनेटमध्ये ते सर्वसंमतीने काढायचं होतं आणि आर्कान्सासच्या टॉम कॉटनने ते अडवलं. एक सिनेटर अडून बसला की शॅमरॉकची वाटी काही करू शकत नाही.

---

आडगावकर

@सायली२२, प्रश्न बाळबोध नाही, नेमका दुखऱ्या नसेवर बोट आहे. उत्तर: नाही.

देश सोडला आणि अठरा महिन्यांत परतायचा बेत नसेल तर मतदारयादीत राहायचा हक्क संपतो. टपाली मत राजनैतिक अधिकारी, सैन्य अशा मोजक्यांना. म्हणून २०१५च्या समलिंगी विवाहाच्या आणि २०१८च्या गर्भपाताच्या सार्वमताला पोरं-पोरी लंडन, न्यूयॉर्क, सिडनीहून तिकिटं काढून घरी आली. डब्लिन विमानतळावर स्वागताला फलक घेऊन माणसं उभी होती. एक चोरवाट आहे: आयरिश सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाच्या, विद्यापीठ मतदारसंघांत पदवीधर नागरिक जगात कुठूनही टपालाने मत देतात. म्हणजे ट्रिनिटीतून पदवी घेऊन बॉस्टनला गेलेला मतदार, आणि लंडनमध्ये हमाली करून म्हातारा झालेला कोणीच नाही.

राष्ट्राध्यक्षपदासाठी तरी परदेशातून मतदान द्यावं म्हणून सार्वमत घेऊ, असं तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी यांनी मार्च २०१७ मध्ये अमेरिकेत जाऊन जाहीर केलं. ते सार्वमत अजून झालेलं नाही. २०१६ साली शिकागोत हॉटेल चालवणारे बिली लॉलेस यांना सिनेटवर नेमलं, परदेशस्थांचा आवाज म्हणून. आता तेही हयात नाहीत.

अडचण समजण्यासारखी आहे. आजी-आजोबांपैकी एक जण त्या बेटावर जन्मलेला असेल तर नातवाला नाव नोंदवून नागरिकत्व मिळतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या लोकांनी कपाटं उपसून आजीचे जन्मदाखले शोधले. एवढ्या सगळ्यांना मत दिलं तर घरच्या मतदारांचं काय, ही भीती तिथल्या प्रत्येक पक्षाला आहे. १९९८च्या करारानंतर घटनेच्या दुसऱ्या कलमात परदेशातल्या आयरिश वंशाच्या लोकांशी असलेल्या खास जिव्हाळ्याचा उल्लेख घातला. जिव्हाळा कलमात आहे, मतपेटी नाही.

---

तिरकस

बघा! "प्रेम भरपूर, वाटा शून्य." आपल्या अनिवासींचीही तीच गत. यादीत नाव घालता येतं, मत द्यायला विमानाने या. +१ स्वतःलाच.

---

मास्तर

इतिहास शिकवतो म्हणून थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

आयर्लंडची पहिली डॉल, म्हणजे त्यांचं लोकसभेसारखं सभागृह, २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये भरली. निवडून आलेल्यांपैकी बरेच तुरुंगात होते. त्या पहिल्याच बैठकीत स्वातंत्र्याच्या घोषणेबरोबर 'जगातल्या स्वतंत्र राष्ट्रांना संदेश' वाचला गेला. धड ताब्यात कचेरी नाही, पोलीस नाहीत, आणि पहिल्याच दिवशी परराष्ट्र व्यवहार! त्याच वर्षी या डॉलचा नेता डी व्हॅलेरा अमेरिकेला गेला, गावोगाव सभा घेत फिरला आणि अजून अस्तित्वात नसलेल्या सरकारच्या कर्जरोख्यांवर ५० लाख डॉलरहून जास्त उभे केले. संसद आणि परदेशस्थ हे जोडकाम तिथे पाळण्यातलंच आहे.

त्याच दौऱ्यात फेब्रुवारी १९२० मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये 'फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया'च्या सभेत भारत आणि आयर्लंड यावर बोलला. आपल्याकडे टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली, ते नाव थेट आयरिश चळवळीतून आलं. बेझंटबाई तर स्वतः आयरिश वंशाच्या. व्ही. व्ही. गिरी डब्लिनला कायदा शिकायला गेले आणि १९१६ साली तिथून हाकलले गेले. राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयरिश घटनेवरून घेतली, हे तर स्पर्धा परीक्षावाली पोरं झोपेतही सांगतात.

---

गावडे_मालवण

मास्तर, तुम्ही एवढं सांगितलंत आणि आमचो लिओ रवलो!

लिओ वराडकर यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. लिओ २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०२२च्या डिसेंबरात पुन्हा. २०१९च्या डिसेंबरअखेरीस सगळ्या कुटुंबासोबत वराडला येऊन गेले, खासगी भेट होती. त्याच वर्षी मुंबईत आयर्लंडची वकिलातही सुरू झाली.

माझा प्रश्न असा की या नात्याचं पुढे काय केलं? पेपरात फोटो छापून आले, भाषणं झाली. सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजाचं, मत्स्यव्यवसायाचं, कशाचं तरी नाव त्या नात्याला जोडता आलं असतं. तुमच्या आयरिश लोकांना ओबामाच्या आईकडचा एक पूर्वज मनीगॉल नावाच्या खेड्यात सापडला, २०११ साली ओबामा तिथे जाऊन बियर पिऊन आले, आणि आता तिथल्या हमरस्त्यावरच्या थांब्याला 'बराक ओबामा प्लाझा' नाव आहे. पेट्रोल, खानावळ, वरती ओबामांचं दालन. आमच्याकडे बोर्ड तरी खयसर आसा?

---

सायली२२

@गावडे, खिक्! पेट्रोल पंपाला ओबामा!!

---

मोगरा

डब्लिनमध्ये राहते, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहिते. इथे परदेशस्थ म्हणजे आम्ही.

२०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांवर भारतीय नागरिक होते. पोलिश आणि ब्रिटिशांनंतर आमचा नंबर. नर्सिंगमध्ये मल्याळी प्रचंड, आयटीत आणि औषध कंपन्यांत आपले लोक. २०२५च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा वकिलातीने निर्जन रस्ते टाळा म्हणून सूचना काढली, ऑगस्टचा इंडिया डे पुढे ढकलला गेला. संध्याकाळी बसस्टॉपवर उभं राहताना मी तेव्हा हेडफोन काढून ठेवायचे. राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांनी भारतीयांच्या बाजूने स्पष्ट निवेदन दिलं, बरं वाटलं. काही आयरिश लोकांनी आठवण काढली की आमचे आजोबाही परक्या शहरात असेच मार खात होते.

पण ज्या गोष्टीसाठी लिहितेय ती वेगळी. इथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही. राहता पत्ता असला की नाव नोंदवता येतं आणि उभंही राहता येतं. जून २०२४ला मी मत दिलं. मतपत्रिका हातभर लांब, उमेदवारांचे फोटो, आणि शिक्का मारायचा नाही तर पसंतीने १, २, ३ आकडे घालायचे. त्याआधी महिनाभर संध्याकाळी दारावर टकटक: उमेदवार स्वतः, पावसात भिजलेला, हातात पत्रकं. एकाला मी रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल सांगितलं, त्याने वहीत लिहून घेतलं. केरळहून आलेले बेबी पेरेपाडन त्याच महिन्यात साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले.

आणि आमच्या मराठी ग्रुपवर? दिवाळी पहाटेच्या तिकिटांवर दोनशे मेसेज. मतदारयादीचा दुवा टाकला तर एक अंगठा. तोही माझ्या नवऱ्याचा.

---

नाना_न्यूजर्सी

@मोगरा, तुमचं आणि आमचं मंडळ जुळं दिसतंय.

---

वाचनमात्र

एक बाजू राहिली. सगळी चर्चा अमेरिकेवर, पण आयर्लंडला सगळ्यात जास्त गरज शेजाऱ्याशी बोलायची होती. १९९०च्या फेब्रुवारीत ब्रिटन आणि आयर्लंडच्या खासदारांची संयुक्त सभा सुरू झाली, आज तिला ब्रिटिश-आयरिश पार्लमेंटरी असेम्ब्ली म्हणतात. उत्तर आयर्लंडचे युनियनवादी, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणारे, बरीच वर्षं तिच्यापासून लांब राहिले. तिथे कायदे होत नाहीत, कोणावर काही बंधनकारक नाही. एका हॉटेलात सगळे भेटतात, दिवसा अहवाल वाचतात, रात्री बारमध्ये बसतात. पण १९९० साली आयआरएचे बॉम्ब फुटत असताना दोन्हीकडच्या मागच्या बाकावरच्या खासदारांना एकमेकांचे फोन नंबर मिळाले, ही गोष्ट लहान नव्हती.

आपल्याकडे २०२५च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं जगभर गेली. सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्याकडेही एकेकाचं नेतृत्व होतं. कल्पना उत्तम होती. पण संकट आलं की विमानं पाठवायची, ही पद्धत आयर्लंडच्या नेमकी उलटी. त्यांचं जेवण दरवर्षी असतं, काम असो वा नसो. ब्रेक्झिटच्या वेळी त्याची वसुली झाली. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकन प्रतिनिधीगृहाची तेव्हाची सभापती नॅन्सी पलोसी डॉलमध्ये येऊन म्हणाली की गुड फ्रायडे कराराला धक्का लागला तर ब्रिटनशी व्यापार करार काँग्रेसमधून जाणार नाही. ते बोलणं ऐन वेळी फोन करून मिळत नाही.

---

तिरकस

ठीक, एवढं मान्य. पण पुढे काय? तुमचे ते घोडेस्वार गेले. १९६५च्या कायद्याने आयरिशांची अमेरिकेतली आवक आटली, नवी पिढी येत नाही. फ्रेंड्स ऑफ आयर्लंडचा आधारस्तंभ रिचर्ड नील १९४९चा जन्म. मार्च २०२५ मध्ये आयरिश पंतप्रधान मिहॉल मार्टिन ओव्हल ऑफिसात बसले होते आणि ट्रम्प त्यांच्यासमोर औषध कंपन्या आणि व्यापारी तूट मोजून दाखवत होते. वाटी दिली, पण मागे पूर्वीचा धाक कुठे होता?

---

आडगावकर

@तिरकस, हे त्यांनाही कळलेलं आहे. म्हणून २०२०च्या धोरणात त्यांनी 'परदेशस्थ आयरिश' ही व्याख्याच सैल केली. वंशाने आयरिश नसलेले, पण तिथे शिकून किंवा नोकरी करून गेलेले, त्यांनाही आपल्यात धरायचं ठरवलं. म्हणजे डब्लिनहून एमएस करून पुण्याला परतलेली मुलगीही त्यांच्या हिशेबात येते. वॉशिंग्टनची विहीर आटायच्या आत दुसरीकडे खोदायला सुरुवात केलीय असं म्हणा. पाणी लागेल का, ते आणखी वीस वर्षांनी.

---

सायली२२

म्हणजे माझी मावसबहीण आयरिश झाली! कॉर्कहून एमएस करून आता बाणेरला आहे. तिला विचारते, वकिलातीकडून कधी काही आलंय का ते.

---

मोगरा

विचार आणि इथे टाक. आणि डब्लिन, कॉर्क, गॉलवेत जे कोणी हे वाचत असतील त्यांनी कृपया मतदारयादीत नाव तपासा. पत्ता बदलला असेल तर पुन्हा नोंदवावं लागतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ला आहे, पण यादी वर्षभर उघडी असते. कोणाला अडलं तर व्यनि करा.